सेक्टर 9, पण कुठला?

रात्री पावणेदोनला आमच्या अग्निशमन केंद्राच्या वॉच रूममधला फोन वाजला. एका बाईंचा आवाज, मागे लहान मूल रडत होतं. "आग लागलीय, लवकर या, सेक्टर 9!" मी बिल्डिंगचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, घंटा दिली आणि गाडी बाहेर पडली. त्या रात्रीची ती वर्दी, म्हणजे आगीची खबर, मीच घेतली होती.

नवी मुंबईत राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. सेक्टर 9 वाशीला आहे, ऐरोलीला आहे, घणसोलीलाही आहे. शहर वसवताना प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी-ऐरोलीसारख्या प्रत्येक भागाला, सेक्टरचे आकडे स्वतंत्रपणे लागले, त्यामुळे एकच आकडा चार ठिकाणी सापडतो. बिल्डिंगचं नाव देवाचं, म्हणजे तेही कुठेही सापडणारं. आमची गाडी आमच्या सेक्टर 9 मध्ये त्याच नावाच्या बिल्डिंगसमोर जाऊन उभी राहिली, तर सगळीकडे सामसूम. परत फोन लावला तर कोणी उचलेना, कारण बाई मुलाला कडेवर घेऊन खाली पळाल्या होत्या आणि फोन वरच राहिला होता. शेवटी शेजारच्या कोणीतरी दुसरा फोन केला, त्यांनी नोडचं नाव घेतलं, तेव्हा उलगडा झाला. अकरा मिनिटं गेली होती.

माणसं वाचली. स्वयंपाकघर आणि पुढची खोली गेली. सकाळी ड्यूटी संपल्यावर मी तिथे गेलो. ओल्या राखेचा वास, भिंतीवरून ओघळलेलं काळं पाणी, आणि जिन्यात बसलेल्या त्या बाई. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, मी सांगितलं होतं ना, सेक्टर 9." त्यांनी खरंच सांगितलं होतं.

पुढे काही वर्षांनी आमच्या केंद्राच्या हद्दीचा पाच वर्षांचा आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलं. वरून आलेल्या पत्रात 'हितधारकांशी विचारविनिमय करून' असे शब्द होते. मी ते वाचले आणि पुढे गेलो. मला वाटलं, हद्द माझ्या पायाखालची आहे, कोणाला काय विचारायचं? टेबलावर बसून तीन आठवड्यांत आराखडा लिहून काढला. लोकसंख्या, वर्दींची नोंदवही, गाड्या किती, माणसं किती, रिकामी पदं किती, काय काय हवंय त्याची यादी. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचे जुने निकष त्यात घातले: शहरी भागात साधारण 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र, आणि वर्दी मिळाल्यापासून 5 ते 7 मिनिटांत गाडी जागेवर. निकषात बसत नाही ते सगळं लाल शाईत. चांगला जाड गठ्ठा झाला होता.

साहेबांनी तो चार दिवसांनी परत दिला. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे कोणाला विचारून लिहिलंत?'

मला राग आला होता, हे कबूल करतो. पण नोंदवही परत उघडून बसलो तेव्हा त्या सेक्टर 9 च्या वर्दीचं पान समोर आलं. माझ्या निकषाप्रमाणे त्या रात्री गाडी वेळेत पोहोचली होती. चुकीच्या दारात, पण वेळेत. आणि माझ्या गठ्ठ्यात त्या अकरा मिनिटांना कुठे जागाच नव्हती.

मग खाकी कागदाचा एक लांब पट्टा घेतला आणि केंद्राच्या भिंतीला चिकटवला. डावीकडे ठिणगी, उजवीकडे आगीवर पडलेलं पहिलं पाणी. मध्ये एकेक मिनिट. आग कोणाला दिसते, तो आधी कोणाला सांगतो, 101 कोण लावतो, पत्ता कसा सांगतो, गाडी किती वेळात बाहेर पडते, रस्त्यात काय आडवं येतं, गेट कोण उघडतं, वीज कोण बंद करतं, पाणी कुठून येतं. प्रत्येक मिनिटाखाली ते कोणाच्या हातात आहे ते लिहीत गेलो. आमच्या हातातली मिनिटं मोजली तेव्हा केंद्रातले सगळे गप्प झाले. निम्मीसुद्धा नव्हती. उरलेली ज्यांच्या हातात होती, तेच पत्रातले हितधारक. त्यात मोठी माणसं फारशी नव्हतीच. रखवालदार, महावितरणचा वायरमन, पाण्याची चावी फिरवणारा माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी, गावठाणातल्या ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं.

पहिली सभा मी बिघडवली. अग्निसुरक्षा सप्ताह 14 एप्रिलला सुरू होतो. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांचा हा स्मृतिदिन. त्या दिवशी संध्याकाळी लोकांना बोलवावं, याहून चांगला मुहूर्त कुठला, असं मला वाटलं. पत्रकं छापली. माथाडींच्या वस्तीत पत्रक द्यायला गेलो तर एक तरुण कार्यकर्ता नम्रपणे म्हणाला, "साहेब, त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते. आमची मिरवणूक असते. आम्ही कसे येणार?" आणि त्या मिरवणुकीला दरवर्षी आमचीच गाडी बंदोबस्ताला उभी असते! इतकी वर्षं दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, पण मनात एकत्र आल्या नव्हत्या. तारीख बदलली. तरी सभेला मोजकीच माणसं आली, कारण आम्ही व्यासपीठ लावलं होतं, समई पेटवली होती आणि पाऊण तास आम्हीच बोललो. लोकांची पाळी आली तोवर ते उठायला लागले होते.

त्यानंतर व्यासपीठ नाही. आम्हीच जायचं, त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागेवर, दोघांनी. एकाने ऐकायचं, एकाने लिहायचं, आणि पहिली वीस मिनिटं आमच्यापैकी कोणी उत्तर द्यायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड गेला. कोणी "तुमची गाडी नेहमी उशिरा येते" म्हणालं की जीभ वळवळायची. पण ऐकत राहिलं की चौथ्या-पाचव्या मिनिटाला माणूस तक्रार संपवून माहिती सांगायला लागतो. तीच आपल्याला हवी असते. शहरात 2020 पासून निवडून आलेले नगरसेवक नव्हते, त्यामुळे गटार, पाणी, पार्किंग, सगळंच आमच्यापुढे ओतलं जायचं. तेही ऐकलं. पार्किंग तर आमचाच विषय निघाला.

रखवालदारांना रात्री अकरानंतर भेटलो, टॉवरच्या गेटवर, चहाचा थर्मास घेऊन. आग दिसली तर सगळ्यात आधी काय करता, एवढंच विचारायचं. मला वाटलं होतं, 101 म्हणतील. सात-आठ गेटांवर एकच उत्तर मिळालं. आधी सेक्रेटरींना फोन. एक जण म्हणाला, "बिना पूछे फायर ब्रिगेड बुला लिया और आग छोटी निकली, तो नौकरी जाएगी, साहब." सेक्रेटरी झोपेतून उठणार, खाली येणार, बघणार, चेअरमनला विचारणार, मग आम्हाला फोन. खाकी पट्ट्यावरची ही मिनिटं सगळ्यात महाग होती, आणि ती वाचवायला एक रुपयाही लागणार नव्हता. सोसायटीच्या कमिटीने ठराव करायचा, की धूर दिसला तर रखवालदाराने कोणालाही न विचारता 101 लावावा आणि आग छोटी निघाली तरी त्याला कोणी बोलणार नाही. ठरावाचा मसुदा आम्हीच लिहून दिला, पाच ओळींचा.

सेक्रेटरी मंडळींशी बोलणं फॉर्म बीवरून सुरू झालं. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं, तोच फॉर्म बी. बऱ्याच जणांना तो एक सरकारी कागद वाटतो. मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, चला, तुमचा होज रील, आग विझवायचा गुंडाळलेला पाइप, उघडून दाखवा. एका ठिकाणी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका ठिकाणी जिन्याखाली मीटर रूमच्या दाराशी जुन्या गाद्या रचलेल्या. मीटर रूम पेटली की जिना धुरांड्यासारखा काम करतो, वरच्या मजल्यावरचा माणूस आगीने नाही तर धुराने जातो. हे तिथे, त्या गाद्यांसमोर उभं राहून सांगितलं की पटतं. दुसऱ्या दिवशी गाद्या गेल्याचा फोटो आला.

कंपन्यांच्या सेफ्टी ऑफिसरांबरोबरच्या बैठका सुरळीत झाल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत, त्यांना कवायतीची सवय आहे आणि एकमेकांच्या मदतीला जायची पद्धतही बसलेली आहे. त्यांच्याकडून एकच गोष्ट घेतली: गेटवर कोणतं रसायन कुठे आणि किती आहे याचा ताजा कागद, रात्रीच्या पाळीच्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत.

पाण्याची चावी फिरवणाऱ्या माणसाने मात्र अर्ध्या तासात माझ्या आराखड्याचा एक आख्खा भाग रद्द केला. माझ्या नकाशावर हायड्रंट होते, म्हणजे बंबासाठीचे रस्त्यावरचे नळ. त्याने नकाशावर बोट ठेवून एकेकाचं सांगितलं. हा डांबराखाली गेला, ह्याला दाब फक्त सकाळी असतो, हा चालू आहे पण समोर कायम टेम्पो उभा असतो. आणि मग म्हणाला, "तुम्ही मला रात्री फोन का नाही करत? मी त्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडून दिला तर दाब वाढेल." त्याचा नंबर आमच्याकडे नव्हता. तो माणूस कित्येक वर्षं आमच्या केंद्रापासून दोन गल्ल्या सोडून राहत होता.

आणि गावठाण. हे जरा सविस्तर सांगितलं पाहिजे.

नवी मुंबई ज्या गावांच्या जमिनीवर उभी राहिली, ती आगरी-कोळ्यांची गावं अजून सेक्टरांच्या मधोमध आहेत. गल्ल्या जुन्याच, घरं मात्र चार-पाच मजली, आणि वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या रस्त्यावर आलेल्या. मी दुपारी जाऊन टेपने रुंदी मोजून आलो होतो आणि आराखड्यात 'बंब जाऊ शकतो' असं लिहिलं होतं. देवळात बसलेल्या मंडळींना मी हे सांगितलं तर ते एकमेकांकडे बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, "साहेब, गारी गावान येल, पन वलल कशी? राती या."

म्हणून रात्री साडेनऊला रिकामा वेळ बघून बंब घेऊन गेलो. भोंगा नाही, फक्त दिवे. जेवणं होऊन सगळं गाव ओट्यांवर आलेलं, दोन्ही बाजूंना मोटरसायकली लागलेल्या. आमचे जुने यंत्रचालक स्टिअरिंगवर, आणि मी बॅटरी घेऊन गाडीपुढे उलटा चालतोय. पोरांनी गाड्या उचलून बाजूला केल्या. केबलच्या वायरी बांबूने वर धरल्या. देवळाच्या चौकापर्यंत पोहोचलो, पुढे वळण. उजवीकडे एका घराच्या ओट्याची दगडी पायरी, डावीकडे समोरच्या घराच्या गॅलरीचं लोखंडी ग्रिल. चालकाने चार वेळा पुढे-मागे केलं. आरसा ग्रिलपासून चार बोटांवर, चाक पायरीला टेकलेलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि खिडकीतून माझ्याकडे बघून मान हलवली. अख्खं गाव शांत होतं. त्या वळणाच्या पुढे तीन गल्ल्या घरं आहेत.

पायरीवर बसलेली आजी उठली. पदर सावरत पायरीकडे बघितलं, चाकाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "माजी पायरी कारली त वलल का रं बाला?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी बॅटरी मारून परत बघितलं आणि खरं ते सांगितलं. नाही वळणार आजी, समोरची गॅलरी आड येते.

बंब तिथेच ठेवून आम्ही चौकातून होज जोडत शेवटच्या घरापर्यंत गेलो. 15 मीटरचा एक होज, असे बारा लागले. पोरं आमच्याबरोबर पळत होती, दोन होज तर त्यांनीच जोडले. पाणी सोडल्यावर शेवटच्या टोकाला धार आली, पण लांबीमुळे दाब पडलेला होता. तेव्हा तेच आजोबा म्हणाले, की खालच्या अंगाला गावाचा तलाव आहे, तिथून का घेत नाही? तलाव माझ्या नकाशावर निळ्या रंगात होता. पाण्याचा साठा म्हणून तो मी कधी मोजलाच नव्हता. पाण्यावर तरंगणारा पंप तलावात सोडला, तर ती तीन गल्ल्या घरं चौकापेक्षा तलावाला जवळ होती.

केंद्रातल्या आमच्या माणसांचं ऐकायचं मात्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. ते चुकलं. चोवीस तासांच्या ड्यूटीनंतर थकलेल्या फायरमनने सांगितलं, की श्वसन-संचाच्या, म्हणजे धुरात शिरताना पाठीवर घ्यायच्या हवेच्या, बाटल्या भरून परत येईपर्यंत आम्ही कमी संचांवर असतो आणि ते कोणाला दिसत नाही. हे पान आराखड्यात पहिल्या पाचांत असायला हवं होतं. नंतर तिथे आणलं.

सगळं गोळा झाल्यावर खरा पेच आला. टॉवरवाल्यांना उंच शिडी हवी, गावठाणाला छोटी गाडी हवी, बाजाराला कायमचा बंब हवा, आम्हाला माणसं हवीत. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं आणि पैसे एकाच्याही पुरते नव्हते. आम्ही प्रत्येक मागणीपुढे एकच प्रश्न लिहिला: पट्ट्यावरची कुठली मिनिटं यामुळे कमी होतील आणि किती घरांची? त्या कसोटीवर बिनपैशाची कामं वर चढली. रखवालदाराचा ठराव, चावीवाल्याचा नंबर, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ती एक गोष्ट: वर्दी घेताना पहिला प्रश्न 'नोड कुठला?' हाच असेल, आणि प्रत्येक गेटवर, लिफ्टशेजारी मोठ्या अक्षरात पूर्ण पत्ता असेल, नोडच्या नावापासून सुरू होणारा, घाबरलेल्या माणसाने नुसता वाचून दाखवावा असा. त्यानंतर तरंगता पंप, जादा होज, श्वसन-संच. छोटी गाडी पुढच्या अंदाजपत्रकात. उंच शिडी नाही. ती गरजेला शेजारच्या केंद्राकडून येईल असं लेखी ठरवून घेतलं.

'नाही' सांगायलाही आम्ही स्वतः गेलो. टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये तास-दीड तास बोलणी खाल्ली. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही इतका कर भरतो. मी त्यांना खाकी पट्टा दाखवला आणि त्यांच्या मजल्याखालची मिनिटं दाखवली. रेफ्युज एरियाला, म्हणजे आगीच्या वेळी आसरा घ्यायच्या मोकळ्या जागेला, ग्रिल लावून तिथे सायकली ठेवल्या होत्या, ते त्याच पट्ट्यावर होतं. ते पूर्ण समाधानी झाले नाहीत. पण सायकली हलल्या.

छापील आराखडा हातात आला तेव्हा ज्यांना ज्यांना भेटलो होतो, त्यांच्याकडे तो घेऊन परत फिरलो. तुमचं म्हणणं कुठल्या पानावर आहे, काय झालं, काय नाही झालं. सेक्टर 9 च्या त्या बाईंकडेही गेलो. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि आतून पाणी आणून दिलं.

गावठाणात गेलो ती संध्याकाळची वेळ होती. देवळाच्या चौकातून वळणावर आलो आणि थांबलो. दगडी पायरी नव्हती. ओट्याला टेकवून एक लाकडी पाट ठेवला होता, आणि आजी तो उचलून आत घेत होती. मी म्हटलं, "आजी, मी सांगितलं होतं ना, गॅलरी आड येते म्हणून?"

"माज्या अंगाची वाट मी मोकली केली," ती म्हणाली. मग समोरच्या ग्रिलकडे हात केला. "आता त्याला सांग."

मी आराखडा तिच्या ओट्यावर ठेवला आणि समोरचं दार वाजवलं.